दुग्धालयाच्या पाटीसाठी जाड, गोलसर अक्षर निवडताना

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर तुम्हाला लगेच कळेल. नागपुरात मानेवाडा रोडला तुम्ही आणि तुमच्या जाऊबाई मिळून दुग्धालय सुरू करताय. इंग्रजी नावासाठी तुम्हाला एक फॉन्ट आवडला. जाड, गोल टोकांचा, वर्तुळं आणि सरळ रेघा एवढ्यावरच बेतलेला. त्यात नाव छान दिसतंय. फ्लेक्सवाल्यानं त्याच्याखाली ‘शुद्ध दूध, दही, श्रीखंड, खवा, लोणी’ असा मराठी मजकूर ‘त्याच स्टाइलमध्ये’ जाड करून दिला, आणि तो तुमच्या भाषेत ‘चिखलात बसलेला’ दिसतोय. त्या इंग्रजी फॉन्टचा मराठी जोडीदार कोणता, असं तुम्ही विचारलंय.

फॉन्टची नावं पुढे देतोच. पण नुसतं नाव घेऊन गेलात तर पुढच्या वेळी दुसऱ्या फॉन्टचा चिखल होईल. अक्षराच्या आत जी मोकळी जागा असते, व च्या पोटातली, ध च्या वळशातली, ण च्या दोन रेघांमधली, ती संपली हा तुमच्या पाटीचा खरा आजार आहे. जाड अक्षर वाचलं जातं ते त्या पांढऱ्या जागेच्या जोरावर. हे काम मी २६ वर्षं करतोय. पहिली सहा वर्षं इतवारीत एका पेंटरच्या हाताखाली ब्रश धरला, मग फ्लेक्स आलं, आणि आता ॲक्रिलिक आणि एलईडीची अक्षरं बनवतो. या सगळ्या काळात माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या जाड पाट्यांपैकी बहुतेक पाट्यांचं दुखणं हेच होतं.

तुमच्या पाटीवर काय झालं असावं ते सांगतो. तुम्ही निवडलेल्या इंग्रजी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नसणार. नुनिटो, क्विकसँड, व्हॅरेला राउंड हे गोल टोकांचे लोकप्रिय फॉन्ट घ्या, एकातही देवनागरी नाही. मग फ्लेक्सवाला आपल्या जुन्या साठ्यातला, हाताला सवय असलेला फॉन्ट घेतो. आपल्याकडे बहुतेक दुकानांत तो श्रीलिपी किंवा कृतीदेवमधला असतो. ते अक्षर बारीक आणि टोकदार दिसतं, म्हणून तो कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच रंगाची जाड आउटलाइन देतो आणि कोपरे गोल करतो. पडद्यावर दहा सेकंदांत ‘राउंड बोल्ड’ तयार. पण आउटलाइन रेघेच्या दोन्ही बाजूंना वाढते. चार मिलिमीटरची आउटलाइन दिली तर दोन मिलिमीटर बाहेर जातात आणि दोन मिलिमीटर आत. आतली जागा दोन्हीकडून खाल्ली जाते, म्हणजे चार मिलिमीटरची फट चक्क बंद होते. बाहेरून अक्षर गुबगुबीत दिसतं आणि आतून बुजतं. अनुस्वाराचा टिंब फुगून शिरोरेषेला चिकटतो, तो वेगळाच त्रास.

आता हे देवनागरीतच जास्त का होतं? तुमच्याच मजकुरातलं ‘शुद्ध’ घ्या. समजा अक्षराची उंची दहा सेंटिमीटर आहे आणि रेघ दोन सेंटिमीटर जाड. इंग्रजी ओ मध्ये वरून खाली येताना आडव्या रेघा दोनच लागतात, चार सेंटिमीटर गेले तरी पोटात सहा शिल्लक. बी मध्ये तीन लागतात, उरतात चार, दोन फटींत दोन-दोन. आता द्ध बघा. शिरोरेषा, द चं पोट, ध चा वरचा वळसा, ध चा खालचा वळसा, अशा निदान चार रेघा एकाखाली एक येतात. आठ सेंटिमीटर रेघांनीच खाल्ले. दोन सेंटिमीटरमध्ये तीन फटी, म्हणजे एकेक फट सात मिलिमीटरपेक्षाही कमी. जोडाक्षर खाली थोडं उतरवलं तर जरा हात मोकळा होतो, पण फार नाही. तेच ‘लोणी’त आडवं घडतं. ण च्या तीन उभ्या रेघा, त्यांना लागून वेलांटीचा काना, अशा चार दांड्या शेजारी शेजारी. इंग्रजीत जी जाडी सहज खपते ती मराठीत तशीच उचलली की जागा संपते.

म्हणून चांगल्या जाड देवनागरी फॉन्टमध्ये रेघ सगळीकडे सारखी नसते, फक्त सारखी वाटते. मी स्वतः अक्षर काढतो तेव्हा उभा काना १०० धरला तर आडव्या रेघा ८८ ते ९० ठेवतो. आडवी आणि उभी रेघ मोजून सारखी केली तर डोळ्याला आडवी जाड वाटते. शिरोरेषा आणखी कमी, ८० च्या आसपास, कारण ती शब्दभर सलग धावते आणि सगळा काळा भार वर चढवते. वळण जिथे कान्याला मिळतं तिथे तर रेघ बरीच बारीक करावी लागते, नाहीतर त्या सांध्यात शाईचा डाग पडल्यासारखा काळोख साचतो. द्ध, क्ष, ज्ञ यांसारख्या गर्दीच्या अक्षरांत सगळ्याच रेघा थोड्या उतरवायच्या. आउटलाइन देऊन जाड केलेल्या अक्षराला हे काहीच कळत नाही, ते सगळीकडे सारखंच फुगतं.

आमचे उस्ताद हे गणित कधी बोलून दाखवत नसत, हातानं दाखवत. दुकानाच्या पत्र्यावर आधी सूत मारायचं, खडूनं अक्षराची बाहेरची कड काढायची, मग ब्रशनं भरायची. भरून झालं की ते पाटीच्याच रंगात बारीक ब्रश बुडवायचे आणि अक्षराच्या आतली जागा परत कापून काढायचे. थ च्या गाठीत एक थेंबभर, ध च्या वळशात एक पातळ फट. मी एकदा एका डेअरीच्या पाटीवर ‘दूध’ लिहिताना रंग भरपूर भरला, ध पार गोळा झाला. उस्ताद मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “काहून बे, अक्षराचा गळा दाबून राहिला तू? त्याले श्वास घेऊ दे न.” आणि त्यांनी माझ्या हातातून ब्रश घेऊन पाटीच्या हिरव्या रंगाची एकच रेघ आत ओढली. रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघितलं तेव्हा कळलं की माझ्या मघाच्या ‘दूध’मधला ध नुसता ठिपका दिसत होता, आणि आता तो ध होता.

तुम्हाला या जातीचं अक्षर आवडलं यात काही चूक नाही. उलट दुधाच्या दुकानाला ते शोभतं. गोल टोक मऊ वाटतं, लोण्यासारखं. लहान मुलांचे कपडे, बालवाडी, आइस्क्रीम, मिठाई, मोबाइलवरची ॲप्स, इथे हे अक्षर जागोजागी दिसतं ते त्यासाठीच. ते आलं कुठून हे थोडं माहीत असलं तर निवडताना मदत होते. यात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक म्हणजे भूमितीवर बेतलेलं बिनटोपीचं, म्हणजे रेघांच्या टोकांना छोट्या आडव्या रेघा नसलेलं (सॅन्स सेरिफ) इंग्रजी अक्षर. त्यातलं सगळ्यात गाजलेलं पॉल रेनरनं काढलेलं आणि १९२७ मध्ये जर्मनीत आलेलं फ्युचुरा. ते कंपासनं काढल्यासारखं वाटतं, पण नीट बघाल तर वर्तुळ दांड्याला भिडतं तिथे त्यातही रेघ बारीक केलेली आहे. दुसरी गोष्ट गोल टोक. ते हत्यारातून आलं. गोल निबाचं पेन, कोरकाम करणारं फिरतं बिट, निऑनची काचेची नळी, यांतून निघालेल्या रेघेचं टोक गोलच असतं. फोक्सवॅगन कंपनीसाठी १९७९ मध्ये व्हॅग राउंडेड नावाचा फॉन्ट तयार झाला, त्यात या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. तो पुढे मोटारींच्या शोरूमपुरता राहिला नाही, ॲपलच्या कीबोर्डांच्या बटणांवर कित्येक वर्षं तोच होता.

देवनागरीची जडणघडण मात्र बोरूतून झाली. तिरक्या कापलेल्या बोरूनं रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते, आणि वळणं लंबगोल किंवा थेंबासारखी पडतात. पूर्ण वर्तुळ म्हणावं असं आपल्याकडे ठ सोडला तर फारसं काही नाही. व, ब, क यांचं पोट कंपासनं गोल केलं तर अक्षर काठीला चेंडू चिकटवल्यासारखं दिसतं, आणि क चा उजवा कान त्या चेंडूशी काही केल्या जुळत नाही. म्हणून ‘इंग्रजीसारखाच मराठी’ हा आग्रह तुम्ही सोडावा असं मला मनापासून वाटतं. जुळायला हवा तो काळा भार, टोकाचा मऊपणा आणि रेघेची जाडी. आकार ज्याचा त्याचा राहू द्यावा. आणि सुरुवात मराठीपासून करावी, इंग्रजी तिला जुळवून घ्यावी. इंग्रजी अक्षरांत जागा मोकळी असते, ती कमी-जास्त करता येते. मराठीत ती मुळातच मोजकी.

गोल टोकाची आणखी एक अडचण फक्त आपल्या लिपीत येते, शिरोरेषेची. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे एकमेकांत घुसून सलग रेघ होते. त्या तुकड्यांची टोकं गोल ठेवली तर दोन अक्षरांच्या मध्ये वर-खाली बारीक खाचा दिसतात, मण्यांच्या माळेसारख्या. म्हणून जाणकार माणूस आतली टोकं सपाट ठेवून एकमेकांवर चढवतो आणि गोलाई शब्दाच्या सुरुवातीला व शेवटी दाखवतो. तुमच्या पाटीच्या पीडीएफमध्ये ‘श्रीखंड’ची शिरोरेषा चारपट मोठी करून बघा. खाचा दिसल्या तर छपाईतही दिसतील, आणि राउटरवर, म्हणजे फिरत्या बिटानं अक्षरं कापणाऱ्या यंत्रावर, कापलं तर हाताला लागतील. याच कारणानं मराठीत अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नसतं. इंग्रजीत ऐसपैस दिसावं म्हणून अंतर वाढवतात, मराठीत तेच केलं की शिरोरेषा तुटते.

आता फॉन्ट. तुमच्या कामाला मी पहिलं नाव घेईन ते ‘बालू’चं. मुंबईच्या ‘एक टाइप’ नावाच्या गटाचं हे काम. गुबगुबीत, गोलसर, आणि देवनागरीचा विचार करून काढलेलं. त्याचीच भावंडं गुजराती, बंगाली, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा लिपींत आहेत. आधी ते एकाच जाडीत होतं. नंतर ‘बालू २’ आलं, त्यात रेग्युलरपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत पाच वजनं, म्हणजे जाडीच्या पायऱ्या, मिळतात. आतमध्ये इंग्रजी अक्षरंही आहेत आणि ती मराठीला जुळवूनच काढलेली आहेत. त्यामुळे माझं मत विचाराल तर तुम्ही इंग्रजी नावही बालूतच लिहावं आणि तो आवडलेला फॉन्ट बाजूला ठेवावा. तुमचं मन थोडं खट्टू होईल हे मला कळतं, पण पाटी एका घरातली दिसेल. बालू गूगलवर फुकट मिळतो आणि त्याचा परवाना खुला आहे. पाटी, पिशवी, डबा, कशावरही वापरा. तो फॉन्ट नुसता विकायला काढता येत नाही, एवढंच.

त्याच गटाचं ‘मोदक’ नावाचं अक्षर आहे. ते बघून तुम्ही हरखून जाल. खरोखर मोदकासारखं फुगलेलं, आतल्या पोकळ्या केसाएवढ्या बारीक फटी. फार देखणं काम आहे. पण ते भिंतभर मोठ्या एका शब्दासाठी. ‘दही’ असा एकच शब्द चार फुटांचा काढायचा असेल तर मी लगेच मोदक घेईन. तुमच्या सहा शब्दांच्या ओळीला ते चालणार नाही, रस्त्यावरून त्या फटी दिसणारच नाहीत. इंग्रजीतली ती कंपासी शिस्तच हवी असेल तर पॉपिन्स बघा. त्याची देवनागरी निनाद काळे यांनी काढली आहे. टोकं गोल नाहीत, कापलेली आहेत, पण रेघ एकसारखी आणि आकार स्वच्छ. त्यात एक समजूतदार गोष्ट आहे. इंग्रजी कॅपिटल अक्षरं मराठी अक्षरांपेक्षा थोडी बुटकी ठेवली आहेत. शिरोरेषेमुळे मराठी ओळ वरून भरीव दिसते, तिच्या शेजारी पूर्ण उंचीचं कॅपिटल आरडाओरडा करतं. तुम्ही कुठलेही दोन फॉन्ट शेजारी लावले तरी हेच करा. पॉइंटचा आकडा सारखा ठेवू नका, रेघेची जाडी सारखी दिसेपर्यंत इंग्रजी कमी-जास्त करा.

डब्यावरच्या बारीक मजकुराला, म्हणजे घटक, वजन, तारीख, पत्ता यांना हे जाड गोल अक्षर अजिबात वापरू नका. तिथे ‘मुक्ता’ किंवा ‘हिंद’ या फॉन्टची साधी जाडी घ्या. श्रीखंडाच्या छोट्या डब्यावर दोन मिलिमीटरच्या बोल्ड अक्षरात छापलेली तारीख मी पाहिली आहे, ती वाचायला दुकानदारालाही चष्मा कमी पडत होता.

फॉन्ट कुठलाही घ्या, छापण्याआधी चार-पाच अक्षरं हटकून बघा. ‘लोणी’चा ल आणि ‘शुद्ध’चा श मराठी वळणाचे आहेत का? पुष्कळ फॉन्टांत हिंदी वळण आधी येतं. काहींत दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी सांगितल्याशिवाय मराठी रूप उमटत नाही. हिंदी ल-श नागपुरात कुणी वाचू शकणार नाही असं नाही, आपलं शहर दोन्ही भाषांत वाढलेलं आहे. पण मराठी पाटीवर मराठी ल असावा असं मला वाटतं, आणि एकदा डोळ्यात भरला की फरक सतत दिसतो. ‘खवा’चा ख खाली नीट जोडलेला हवा, तुटका असला तर लांबून ‘रववा’ वाचलं जातं. द्ध फारच दाटला तर पाठ्यपुस्तकातल्यासारखा पाय मोडून ‘शुद्‌ध’ असा लिहिता येतो. मला जुनं जोडाक्षर जास्त आवडतं, पण सगळ्यात जाड वजनात मी पाय मोडतो आणि अक्षर वाचवतो. इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये काम होणार असेल तर त्यांना भारतीय लिपींचा कंपोझर, म्हणजे अक्षरं नीट जुळवणारी सोय, चालू करायला सांगा. तो बंद असला की ‘दही’ ठीक दिसतं आणि ‘लिटर’मधली ऱ्हस्व वेलांटी ल च्या मागे जाऊन बसते.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. पाटी कशाची करणार हे तुम्ही लिहिलं नाही, आणि अर्धं उत्तर त्यातच आहे.

साधी फ्लेक्स असेल तर बालूचं बोल्ड घ्या. एक्स्ट्रा बोल्डचा मोह टाळा. काचेवर किंवा एसीपीवर (ॲल्युमिनियमच्या थरांच्या पॅनेलवर) विनाइल कापून चिकटवणार असाल तर गोल अक्षर हा तुमचा फायदाच आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. उन्हानं तापलेल्या विनाइलचा टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचलतो, त्यात धूळ शिरते आणि मग ते सोलत जातं. गोल टोकाला सुरुवात करायला कोपराच नसतो. धरमपेठेत मी एकाच महिन्यात लावलेल्या दोन पाट्या आहेत. टोकदार अक्षरांची पाटी दोनदा दुरुस्त झाली, गोल अक्षरांची अजून तशीच आहे.

उठावाची ॲक्रिलिक अक्षरं करणार असाल तर तिथेही गोल टोक कारागिराचं काम हलकं करतं. राउटरचं बिट गोल फिरतं, तीन मिलिमीटरच्या बिटानं आतला कोपरा दीड मिलिमीटरच्या गोलाईनं निघतो, मग पाहिजे तर कानशीनं टोकदार करत बसा. गोल अक्षराला मुळात ती गोलाई हवीच असते. बाजूची पट्टीही न कापता वळवता येते, जोड कमी, म्हणून पावसाचं पाणी शिरायच्या जागा कमी. आत एलईडी बसवायची असेल तर दांडा निदान दोन-अडीच सेंटिमीटर रुंद हवा, इथे जाड अक्षर हवंच.

पण रात्रीचा विचार करा. माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. एका मिठाईच्या दुकानासाठी मी पांढरी उजळणारी अक्षरं केली, गडद मरून पार्श्वभूमीवर, सगळ्यात जाड वजनात. दुपारी बघितलं, मालक खूश, मी खूश. रात्री नऊला त्यांचा फोन आला. रस्त्यापलीकडून ‘पेढे’मधला ढ नुसता चमकता लाडू दिसत होता. प्रकाश कडेबाहेर पसरतो आणि आतली फट भरून टाकतो, शिवाय गडदवरचं पांढरं अक्षर मुळातच जाड भासतं. मी दुसऱ्या आठवड्यात सगळी अक्षरं एक वजन खाली उतरवून नव्यानं लावून दिली, माझ्या खर्चानं. तेव्हापासून उजळणाऱ्या पाटीला मी दिवसाच्या पाटीपेक्षा एक पायरी बारीक वजन घेतो. तुमची पाटी उजळणारी असेल तर बालूचं सेमी बोल्ड बघा.

एक गोष्ट कायद्याची. तुमच्या पाटीवर इंग्रजी मोठं आणि मराठी खाली लहान आहे असं दिसतंय. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ चा, त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. आता लहानमोठ्या सगळ्याच दुकानांची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत हवी, मराठी सुरुवातीला हवं आणि तिचा आकार दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाही. पूर्वी दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना सूट होती, ती आता नाही. म्हणजे तुम्हाला मांडणी तशीही बदलावी लागणार. नाव मराठीत वर, मोठं, आणि इंग्रजी खाली थोडं लहान. माझ्या दृष्टीनं यात तुमचं भलंच आहे. मराठी अक्षराला मोठी उंची मिळाली की आतली जागाही वाढते आणि द्ध, ण आपोआप मोकळे होतात.

थोडक्यात पुन्हा: आउटलाइन देऊन जाड करणं बंद. मराठीपासून सुरुवात, इंग्रजीही बालूतच. फ्लेक्सला बोल्ड, उजळणाऱ्या पाटीला सेमी बोल्ड. अंतर वाढवू नका, बारीक मजकुराला मुक्ता.

आणि पैसे देण्याआधी एक चाचणी घरीच करा, खर्च एका कागदाचा. समजा पाटीवर शिरोरेषेपासून तळापर्यंत अक्षर बारा इंचांचं आहे आणि रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईक साठ फुटांवर उभं आहे. तोच मजकूर एक इंच उंचीत कागदावर छापा, भिंतीला चिकटवा आणि पाच फूट मागे जा. प्रमाण तेच होतं. आधी उघड्या डोळ्यांनी वाचा, मग डोळे किंचित मिटून. रात्रीचा अंदाज हवा असेल तर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं छापून मोबाइलनं मुद्दाम धूसर फोटो काढा. तुमच्या मजकुराला ‘शुद्ध’, ‘श्रीखंड’, ‘लोणी’ हे तीन शब्द पुरेसे आहेत, तिन्हींत सगळी अवघड अक्षरं येतात. घरातल्या एखाद्या पाचवी-सहावीतल्या मुलाला न सांगता वाचायला लावा. तो ‘लोणी’वर अडखळला तर एक वजन खाली उतरा आणि पुन्हा छापा. कागदाचा फोटो आणि पाटीचं माप इथे टाका, तीन शब्दांतलं कुठलं अक्षर दाटतंय ते मी खूण करून पाठवतो.